इंग्लंडच्या कौन्सिलला केअर ट्रेनिंग कसं विकायचं: नोंदणीपासून बिल मिळेपर्यंत

हॉइस्टच्या, म्हणजे माणूस उचलण्याच्या यंत्राच्या, स्लिंगला (कापडी झोळीला) खांद्याकडे दोन आणि पायांकडे दोन पट्टे असतात, आणि प्रत्येक पट्ट्याला वेगवेगळ्या रंगांचे दोन-तीन फास. डाव्या खांद्याला एका रंगाचा आणि उजव्याला दुसऱ्या रंगाचा फास अडकवला, तर उचलताना आजी एका अंगाला कलतात. पायांचे पट्टे मांडीखालून घेऊन एकमेकांतून ओवले नाहीत, तर पाय फाकतात आणि आजी पुढे घसरू शकतात. केअर वर्करला हे कुणी शिकवलं, कधी शिकवलं, शिकवल्यावर ती ते नीट करते का हे कुणी शेजारी उभं राहून पाहिलं? अपघात झाला की आधी हेच विचारलं जातं. कौन्सिल ट्रेनिंगवर पैसे खर्च करते ते असे अपघात टळावेत म्हणून, आणि कुणी विचारलंच तर उत्तर कागदावर असावं म्हणून. टेंडरची चाळीस पानं वाचताना ही गोष्ट मनात ठेवली, की कुठल्या प्रश्नामागे काय दडलंय ते आपोआप दिसू लागतं.

हा लेख इंग्लंडमध्ये राहून छोटी ट्रेनिंग कंपनी चालवणाऱ्या किंवा सुरू करू पाहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. बरेच जण नर्सिंग, केअर होमचं मॅनेजमेंट किंवा सोशल वर्क करून इथवर येतात. शिकवता उत्तम येतं, पण सरकारी खरेदीची भाषा नवी असते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, तिला यातले नियम जसेच्या तसे लावू नका.

आधी गिऱ्हाईक ओळखा

इंग्लंडमध्ये प्रौढांच्या सोशल केअरची कायदेशीर जबाबदारी १५३ कौन्सिलांवर आहे. काउंटी कौन्सिल, युनिटरी कौन्सिल, मेट्रोपॉलिटन बरो आणि लंडनचे बरो यांत येतात. डिस्ट्रिक्ट कौन्सिल येत नाही. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन पायऱ्या आहेत तिथे कचरा उचलणं, घरं आणि बांधकाम परवानगी डिस्ट्रिक्टकडे, तर सोशल केअर काउंटीकडे असतं. नवे लोक घराजवळच्या डिस्ट्रिक्टला ईमेल पाठवून महिनाभर उत्तराची वाट पाहत बसतात. सध्या अनेक काउंट्यांमध्ये दोन्ही पायऱ्या मोडून एकच युनिटरी कौन्सिल करण्याचं काम चालू आहे. त्यामुळे दोन-तीन वर्षांचा करार करत असाल तर तो पुढे कुठल्या संस्थेकडे जाणार, हे प्रश्नोत्तरांच्या टप्प्यातच विचारून घ्या.

कौन्सिलच्या आत तुमचा संबंध तीन टेबलांशी येतो. काय शिकवायचं हे वर्कफोर्स डेव्हलपमेंट टीम ठरवते. काही ठिकाणी तिला लर्निंग अँड डेव्हलपमेंट म्हणतात. खरेदीचे नियम प्रोक्युअरमेंटचे लोक सांभाळतात. आणि कमिशनिंगवाल्यांना, म्हणजे केअर सेवा विकत घेणाऱ्यांना, कुठल्या केअर होममध्ये काय बिघडलंय याची खबर असते. टेंडर जाहीर होण्याआधी पहिल्या टेबलाशी मोकळेपणाने बोलता येतं. जाहीर झाल्यावर फक्त पोर्टलवरून, फक्त लेखी. त्या काळात ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन करणं म्हणजे स्वतःचं टेंडर बाद होण्याची वाट मोकळी करून देणं.

शिकणाऱ्यांचेही दोन गट असतात. पहिला कौन्सिलच्या स्वतःच्या नोकरदारांचा: सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रीएबलमेंटचे (माणसाला पुन्हा स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून मदत करणारे) कर्मचारी. दुसरा गट बराच मोठा आहे. खासगी आणि धर्मादाय केअर होममधले, घरोघरी जाणारे केअर वर्कर, आणि डायरेक्ट पेमेंटवर (केअरसाठी कौन्सिलने थेट त्या व्यक्तीला दिलेल्या पैशांवर) नेमलेले पर्सनल असिस्टंट. हे कौन्सिलचे नोकर नाहीत. तरीही कौन्सिल त्यांच्यासाठी जागा विकत घेते, कारण केअर ॲक्ट २०१४ च्या कलम ५ ने स्थानिक केअरचा बाजार टिकवण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली आहे, आणि त्या बाजारात काम करणारी माणसंही आली. मात्र कर्मचाऱ्याला पुरेसं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी केअर सेवांच्या नियमावलीतल्या रेग्युलेशन १८ प्रमाणे त्याच्या मालकाचीच, म्हणजे नोंदणीकृत केअर प्रोव्हायडरचीच राहते. स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे टेंडरमधल्या कामाच्या वर्णनात, कोणता गट आहे हे पहिल्या पानावर शोधा. सोशल वर्करला मेंटल कपॅसिटीचा (स्वतः निर्णय घेण्याच्या क्षमतेचा) निर्णय लिहायला शिकवणं आणि केअर वर्करला तोच कायदा सकाळच्या अंघोळीच्या वेळी वापरायला शिकवणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

काय विकत घेतलं जातं

हाताने करायची कामं हा पहिला ढीग: मूव्हिंग अँड हँडलिंग (माणसाला उचलणं-हलवणं), औषधं देणं, बेसिक लाइफ सपोर्ट, संसर्ग रोखणं. दुसरा कायद्याचा: सेफगार्डिंग (छळ आणि दुर्लक्षापासून संरक्षण), मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५, डीओएलएस (संमती देऊ न शकणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर बंधन घालताना पाळायचे नियम). तिसरा विशिष्ट गरजांचा: डिमेन्शिया, पार्किन्सन्स, आयुष्याच्या अखेरची काळजी, लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझम.

लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझमबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. हेल्थ अँड केअर ॲक्ट २०२२ नुसार १ जुलै २०२२ पासून सीक्यूसीकडे (केअर सेवा तपासणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनकडे) नोंदलेल्या प्रत्येक प्रोव्हायडरने कर्मचाऱ्यांना त्यांच्या भूमिकेला साजेसं हे प्रशिक्षण द्यायचं आहे. ऑलिव्हर मॅकगोवन प्रशिक्षणाच्या टियर २ मध्ये ई-लर्निंगनंतर पूर्ण दिवसाचा वर्ग असतो आणि तो तिघे मिळून घेतात: एक ट्रेनर, एक लर्निंग डिसॅबिलिटी असलेली व्यक्ती आणि एक ऑटिस्टिक व्यक्ती. म्हणजे एका वर्गाला तिघांचं मानधन, तिघांचा प्रवास, आणि सहप्रशिक्षकांना लागणाऱ्या आधाराचा खर्च. साध्या दिवसाचा दर लावून हे टेंडर भरणारे नंतर सहप्रशिक्षकांच्या मानधनात काटकसर करू लागतात. ते चूक आहे, आणि मूल्यमापन करणाऱ्यांच्या ते लगेच ध्यानात येतं.

दुसरा गोंधळ केअर सर्टिफिकेटचा, म्हणजे नव्या केअर वर्करच्या पायाभूत प्रशिक्षणाचा. ते एप्रिल २०१५ मध्ये १५ मानकांसह सुरू झालं. २०२५ च्या सुधारणेत लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझमचं सोळावं मानक आलं. ‘एका दिवसात केअर सर्टिफिकेट’ असं जाहिरातीत लिहू नका. वर्गात मिळतं ते ज्ञान. प्रत्यक्ष काम करताना पाहून पारखणं हे कामाच्या जागीच व्हावं लागतं आणि त्यावर सही मालकाची लागते. तुमचा वर्ग त्यातला एक भाग, एवढंच म्हणा. स्लाइडवर अजून १५ मानकं असतील तर आजच बदला.

कौन्सिलचं वर्ष

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, आपल्याकडच्यासारखंच. शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला वर्कफोर्स टीम गरजांची यादी करते. ती कुठून येते? सुपरव्हिजनच्या नोंदी, सीक्यूसीचे अहवाल, तक्रारी आणि सेफगार्डिंग ॲडल्ट्स रिव्ह्यू (गंभीर इजा किंवा मृत्यूनंतर काय चुकलं याचा अहवाल). एखाद्या मृत्यूच्या रिव्ह्यूमध्ये ‘गिळायला त्रास असलेल्या माणसाला घट्टपणाची पातळी न पाहता अन्न दिलं’ असं आलं, की पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरमध्ये डिस्फेजियाचा वर्ग हमखास येतो. हे रिव्ह्यू बहुधा सेफगार्डिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला असतात. ज्या कौन्सिलला विकायचं आहे तिथले गेल्या तीन वर्षांचे वाचा. इतकं फुकट आणि इतकं नेमकं मार्केट रिसर्च दुसरीकडे मिळणार नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बजेट ठरतं आणि एप्रिलपासूनचं कॅलेंडर निघतं. मोठी टेंडरं बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दिसतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक फोन येऊ शकतो: थोडे पैसे उरलेत, महिनाअखेरच्या आत चार वर्ग होतील का? होकार देण्याआधी ट्रेनर मोकळा आहे का ते पाहा आणि पीओ (परचेस ऑर्डर) नंबर हातात घ्या.

रकमेप्रमाणे वाट बदलते

२४ फेब्रुवारी २०२५ पासून प्रोक्युअरमेंट ॲक्ट २०२३ लागू आहे. त्या तारखेनंतर सुरू झालेल्या खरेदीला हाच कायदा. जुन्या नियमांखालचे करार आणि डायनॅमिक पर्चेसिंग सिस्टिम (कधीही सामील होता येणाऱ्या पुरवठादारांच्या याद्या) मात्र जुन्या नियमांनीच चालू आहेत. त्या सिस्टिम फार तर २३ फेब्रुवारी २०२९ पर्यंत टिकतील.

काही हजार पौंडांपर्यंतचं काम बहुतेक कौन्सिलांमध्ये एका कोटेशनवर होतं. त्यावर तीन कोटेशनं. सीमा कुठे आखायची हे प्रत्येक कौन्सिलच्या कॉन्ट्रॅक्ट स्टँडिंग ऑर्डर्समध्ये लिहिलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन कौन्सिलांत एकीकडे ती ५,००० आणि दुसरीकडे २५,००० असू शकते. हा दस्तऐवज कौन्सिलच्या घटनेचा भाग म्हणून जाहीर असतो, शोधून वाचा. व्हॅट धरून ३०,००० पौंड किंवा त्याहून मोठं काम जाहिरात देऊन करायचं असेल, तर त्याची सूचना केंद्रीय प्लॅटफॉर्मवर, म्हणजे फाइंड अ टेंडरवर, टाकावीच लागते.

त्यापुढची मोठी सीमा ६,६३,५४० पौंडांची, व्हॅट धरून. ट्रेनिंग सेवा ‘लाइट टच’ म्हणजे सैल नियमांच्या गटात मोडतात, म्हणून त्यांची सीमा इतर सेवांपेक्षा पुष्कळ वर आहे. रक्कम मोजताना एका वर्षाची पकडू नका. करार दोन वर्षांचा आणि वाढवण्याची सोय आणखी दोन वर्षांची असेल तर चारही वर्षांची बेरीज. ‘लाइट टच’चा आणखी एक परिणाम असा, की निकाल जाहीर झाल्यावर सही करण्यापूर्वी ८ कामकाजाचे दिवस थांबण्याचा जो नियम आहे, तो इथे सक्तीचा नाही. निकालाबद्दल शंका असेल तर त्याच दिवशी लिहा.

फ्रेमवर्क आणि डायनॅमिक मार्केट यांतला फरक समजून घ्या, कारण छोट्यांचं भवितव्य तिथे ठरतं. फ्रेमवर्क म्हणजे आधी निवडून ठेवलेल्या पुरवठादारांची यादी. साधं फ्रेमवर्क एकदा भरलं की मुदत संपेपर्यंत दार बंद. ओपन फ्रेमवर्क ठरलेल्या अंतराने पुन्हा उघडतं आणि जास्तीत जास्त ८ वर्षं चालतं. डायनॅमिक मार्केटमध्ये अटी पूर्ण करणाऱ्याला कधीही आत जाता येतं, आणि आतल्या लोकांमध्ये एकेका कामासाठी छोटी स्पर्धा होते. फ्रेमवर्कवर नाव लागलं म्हणजे काम मिळालं असं नव्हे. सगळ्या अटी पाळूनही वर्षभर एकही वर्ग न मिळणं अगदी शक्य आहे. ट्रेनरला पूर्णवेळ नोकरीवर घेण्याआधी प्रत्यक्ष ऑर्डरी किती येतात ते सहा महिने पाहा.

नोंदणी, एका संध्याकाळचं काम

१. फाइंड अ टेंडरवर संस्थेचं खातं उघडा आणि माहिती भरा: मालकी कुणाची, हिशेब कसे, टेंडरमधून वगळण्याच्या कारणांपैकी काही लागू आहे का. हे एकदाच भरायचं. नंतर प्रत्येक टेंडरला शेअर कोड द्यायचा. माहिती बदलली की जुना कोड जुनीच माहिती दाखवतो, तेव्हा नवा कोड काढा.

२. त्या भागाच्या पोर्टलवर वेगळं खातं उघडा. वायव्य इंग्लंडमध्ये ‘द चेस्ट’, नैर्ऋत्येत ‘सप्लायिंग द साउथ वेस्ट’, लंडनच्या अनेक बरोंसाठी ‘लंडन टेंडर्स पोर्टल’. कागदपत्रं आणि प्रश्नोत्तरं बहुधा इथेच असतात.

३. सूचना येण्यासाठी सीपीव्ही कोड (खरेदीच्या प्रकारांचे क्रमांक) निवडा: ८०५००००० ट्रेनिंग सेवा, ८०५११००० कर्मचारी प्रशिक्षण, ८०५६१००० आरोग्य प्रशिक्षण, ८०५६२००० प्रथमोपचार. पहिला मोठा कोड सोडू नका. घाईतला अधिकारी पुष्कळदा तेवढाच टाकतो.

४. ईमेल एका माणसाच्या नावावर ठेवू नका. ती व्यक्ती दिवाळीला पुण्याला गेली की टेंडर निसटतं.

फाइल आधीच तयार ठेवा

विम्याची पत्रं: पब्लिक लायबिलिटी साधारण ५० लाख ते १ कोटी पौंड मागतात, प्रोफेशनल इंडेम्निटी बहुधा १० ते २० लाख. नोकर ठेवले असतील तर एम्प्लॉयर्स लायबिलिटी कायद्यानेच किमान ५० लाख पौंडांची. हे आकडे पाहून दबकू नका. मोठ्या टेंडरात करार मिळण्याआधीच विमा काढलेला हवा, अशी अट कौन्सिलला घालता येत नाही. ‘करार मिळाल्यास काढू’ हे पुरेसं आहे. कंपनी कायद्याने ज्यांना ऑडिट लागत नाही त्यांच्याकडून ऑडिट केलेले हिशेबही सक्तीने मागता येत नाहीत. छोट्या संस्थांच्या बाजूने कायद्यात लिहिलेल्या या दोन गोष्टी आहेत आणि बहुतेकांना त्या ठाऊक नसतात.

याशिवाय आयसीओची (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणाऱ्या कार्यालयाची) नोंदणी, सेफगार्डिंग धोरण, समानता धोरण, आरोग्य-सुरक्षा धोरण, डेटा धोरण. इंटरनेटवरून उतरवलेल्या धोरणात दुसऱ्याच संस्थेचं नाव राहून गेलेलं असतं, म्हणून पाठवण्याआधी एकदा शोधून घ्या. ट्रेनरची पात्रता: विषयातला खरा अनुभव आणि शिकवण्याची पात्रता, बहुधा लेव्हल ३ अवॉर्ड इन एज्युकेशन अँड ट्रेनिंग. मूव्हिंग अँड हँडलिंगसाठी त्या विषयाचा ट्रेनर कोर्स आणि त्याचा ताजा रिफ्रेशर. सगळ्या ट्रेनरांसाठी एन्हान्स्ड डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची सखोल तपासणी) मागितलं असेल तर कोणत्या कामासाठी ते विचारा. निव्वळ वर्गात मोठ्या माणसांना शिकवणाऱ्याला ते मागण्याचा अधिकारच बहुतेक वेळा नसतो.

टेंडर वाचणं आणि उत्तर लिहिणं

पहिल्या वाचनात पेन घेऊन फक्त चार गोष्टी शोधा: पास-फेल अटी, गुणांची वाटणी, शब्दमर्यादा, आणि प्रश्न विचारण्याची शेवटची तारीख. ही शेवटची तारीख टेंडरच्या मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी संपते आणि नवखे ती हुकवतात. विचारायला हवेत असे प्रश्न: हॉल आणि हॉइस्ट कुणाचा? बुकिंग कोण घेणार? गैरहजर माणसाचे पैसे कोण भरणार? गेल्या वर्षी किती वर्ग झाले आणि सरासरी हजेरी किती? उत्तर सगळ्यांना दिसतं, पण त्याचा उपयोग ज्याला हिशेब मांडता येतो त्यालाच होतो.

आता गुणांचं गणित. समजा दर्जा ६० आणि किंमत ४०. किमतीचे गुण बहुधा असे काढतात: सर्वांत कमी दर भागिले तुमचा दर, गुणिले ४०. कुणीतरी दिवसाला ४५० पौंड भरले आणि तुम्ही ५२५, तर तुम्हाला ३४.३. म्हणजे ५.७ गुण गेले. दर्जाच्या एका प्रश्नाला २० गुण आहेत आणि शून्य ते पाच अशी श्रेणी आहे. ३ मिळाले तर १२ गुण, ४ मिळाले तर १६. अशा दोन प्रश्नांत एकेक पायरी वर चढलात की ८ गुण आले आणि किमतीतली तूट भरून वर उरले. दर पाडत बसण्यापेक्षा उत्तरावर दोन रात्री घालवणं जास्त फायद्याचं.

पायरी वर नेमकी कशाने चढते? ‘शिकलेलं प्रत्यक्ष कामात उतरेल याची खात्री कशी कराल?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक टेंडरात असतो. ३ मिळवणारं उत्तर असं असतं: आमचे ट्रेनर अनुभवी आहेत, वर्ग संवादी असतात, शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतो. खोटं काही नाही, पण हाताला काहीच लागत नाही. ४ किंवा ५ मिळवणारं उत्तर असं: वर्गात १२ पेक्षा जास्त जण नाहीत. प्रत्येक जण स्लिंगचं लेबल, माप, वजनमर्यादा आणि शिलाई स्वतः तपासतो, एकदा उचलतो आणि एकदा स्वतः स्लिंगमध्ये बसतो. ट्रेनर दहा मुद्द्यांच्या तपासयादीवर प्रत्येकाची नोंद करतो. ज्याला जमलं नाही त्याला त्याच दिवशी पुन्हा संधी, तरीही न जमल्यास २४ तासांत त्याच्या मॅनेजरला लेखी कळवणं. मॅनेजरला एक पानी निरीक्षणपत्रक, जे सहा आठवड्यांत कामाच्या जागी भरायचं. परत आलेल्या पत्रकांचा गोषवारा दर तिमाहीला कौन्सिलला. कोण, काय, कधी, आणि जमलं नाही तर काय, एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला गुण देण्यासाठी कारण मिळतं. मूल्यमापन करणाऱ्यालाही आपल्या गुणांचं समर्थन लिहून ठेवावं लागतं. त्याला उचलून घेता येतील अशी वाक्यं द्या.

स्थानिक माहिती चुकली तर मात्र सगळं पाण्यात. सेफगार्डिंगच्या नमुना स्लाइडवर दुसऱ्याच कौन्सिलचा फोन नंबर असतो, ही वारंवार दिसणारी चूक आहे. वर्गातली केअर वर्कर तो नंबर मोबाइलमध्ये साठवते, आणि ज्या रात्री तिला खरंच तक्रार करायची असते त्या रात्री फोन भलतीकडे लागतो. प्रत्येक कौन्सिलसाठी तिचा रेफरलचा मार्ग, तिचा रात्रीचा नंबर आणि तिथल्या रिव्ह्यूमधलं एखादं उदाहरण घालून वेगळी प्रत ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी तपासा.

सोशल व्हॅल्यूचा, म्हणजे करारातून स्थानिक समाजाला आणखी काय फायदा होईल याचा, प्रश्न २०१२ च्या कायद्यातून आला आहे. तिथे पूर्ण करता येईल असं छोटं वचन द्या: रिकाम्या राहिलेल्या जागा घरात आईवडिलांची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांना मोफत. वचन करारात येतं आणि वर्षाअखेरीस त्याचा हिशेब मागतात.

समानतेच्या प्रश्नात आपल्या लोकांच्या गाठीला एक खास गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करसाठी व्हिसा खुला झाला आणि २२ जुलै २०२५ ला परदेशातून नवी भरती बंद झाली. मधल्या काळात भारतातून आलेले पुष्कळ जण आज वर्गात बसतात. पुस्तकी इंग्रजी त्यांना येतं. पण आजी ‘स्पेंड अ पेनी’ म्हणाल्या तर त्यांना शौचालयाला जायचंय, किंवा ‘फीलिंग अ बिट पुअर्ली’ म्हणाल्या तर तब्येत पाहायला हवी, हे कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय वडीलधाऱ्यांसमोर आणि शिक्षकासमोर ‘कळलं नाही’ म्हणायचा संकोच. मान डोलावली म्हणजे कळलं असं न धरता करून दाखवायला लावणं, औषधांच्या तक्त्यातली संक्षिप्त रूपं मोठ्याने वाचून घेणं, हे तुमच्या पद्धतीत असेल तर ते सविस्तर लिहा.

दर कसा काढायचा

उदाहरणापुरते आकडे पौंडांत, एका मूव्हिंग अँड हँडलिंगच्या दिवसाचे:

ट्रेनरचं मानधन २६०
जाऊन-येऊन ८० मैल, मैलाला ४५ पेन्स: ३६
स्लाइड शीट, स्लिंगची धुलाई आणि झीज: २५
छपाई: १८
बुकिंग, प्रमाणपत्रं, नोंदी, अडीच तास: ४५
विमा आणि ऑफिसचा वाटा: ४०
साहित्य अद्ययावत ठेवण्याचा वाटा: ३०

बेरीज ४५४. आजारपण, बर्फ, ऐनवेळी रद्द झालेले वर्ग यासाठी ५ टक्के धरले की ४७७. त्यावर १० टक्के शिल्लक हवी असेल तर सुमारे ५२५. म्हणजे ४५० ला भरणारा पहिल्या दिवसापासून खिशातून घालतोय, आणि सहा महिन्यांत तो हॉइस्टशिवाय, नुसत्या स्लाइडवर वर्ग घेताना दिसतो. तिथे नुकसान शेवटी आजीचं होतं.

स्वतःचा हॉइस्ट वर्गात नेत असाल तर एलओएलईआर १९९८ (उचलण्याच्या उपकरणांचे सुरक्षा नियम) प्रमाणे माणसं उचलणाऱ्या उपकरणांची दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी लागते, स्लिंगसकट. ती या आकड्यांत धरलेली नाही. ट्रेनरच स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून येत असेल आणि कौन्सिल थेट त्याच्याशी करार करत असेल, तर एप्रिल २०१७ पासून कराच्या दृष्टीने तो नोकरासारखा आहे का हे कौन्सिल ठरवते. तसा निर्णय लेखी मागा, कारण त्यावर हातात पडणारी रक्कम बदलते. दर व्हॅटशिवाय द्या आणि तसं स्पष्ट लिहा. उलाढाल ९०,००० पौंडांच्या जवळ येत असेल तर व्हॅट नोंदणीचा विचार आधीच करा. करार मिळाल्यावर २० टक्के कुठून आणायचे हा प्रश्न नको.

काम मिळाल्यानंतर

पीओ नंबर आल्याशिवाय वर्ग घेऊ नका. नंबर नाही तर पैसे नाहीत, हा नियम बहुतेक कौन्सिलांमध्ये काटेकोर आहे. बिलावर पीओ, वर्गाची तारीख, ठिकाण आणि विषय हे चारही हवेत. योग्य बिल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. एक आकडा चुकला की ते योग्य बिल राहत नाही आणि ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात जास्त भांडणं हजेरीवरून होतात. केअर होममध्ये सकाळी एक जण आजारी पडला की ट्रेनिंगला निघालेल्याला परत बोलावतात. बारा नावं असतात आणि सात जण येतात. ५२५ चा दिवस बाराजणांत माणशी ४४ पौंडांना पडतो, सातजणांत ७५ ला. म्हणून करारात आधीच लिहून घ्या: किती दिवस आधी रद्द केलं तर किती पैसे, किमान किती जणांवर वर्ग चालेल, आणि उशिराची मर्यादा काय. २० मिनिटांनंतर आलेल्याला प्रमाणपत्र नाही असं असेल तर ते बुकिंगच्या ईमेलमध्येही लिहा. आदल्या आठवड्यात एक आणि आदल्या दिवशी एक, अशी दोनदा आठवण कर्मचाऱ्याला आणि मॅनेजरला, दोघांनाही पाठवा. फक्त मॅनेजरला पाठवलेली आठवण शिफ्टच्या गडबडीत तिथेच राहते.

हजेरीपत्रकावर नाव, मालकाचं नाव, सकाळची आणि दुपारची सही अशी रचना ठेवा. जेवणानंतर निघून गेलेला माणूस एकाच सहीत दिसत नाही. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे विचारून घ्या. आडनाव पुढे की मागे यात आपल्या लोकांच्या नोंदी दोनदा होतात, आणि मग कौन्सिलच्या लर्निंग सिस्टिममध्ये त्या कर्मचाऱ्याचा रिफ्रेशर राहिलाय असं दिसत राहतं. कौन्सिलचा माणूस न सांगता वर्गात मागे बसून पाहू शकतो, तशी अट करारात असते.

टेंडर हरलात तर मोठ्या कामांत कौन्सिलला मूल्यमापनाचा गोषवारा द्यावाच लागतो: तुमचे गुण, त्यांची कारणं आणि जिंकणाऱ्याचे गुण. छोट्या कामांत तो आपणहून मिळेलच असं नाही, पण नम्रपणे मागितला की बहुतेक देतात. त्यातलं कारणांचं वाक्य जसंच्या तसं त्या उत्तराच्या प्रतीवर लिहून ठेवा. दुसऱ्याने जिंकलेल्या त्या कराराची मुदत जाहीर सूचनेत असते. ती तारीख पाहा, त्यातून दहा महिने मागे या आणि कॅलेंडरवर त्या कौन्सिलच्या वर्कफोर्स टीमचं नाव टाका.